नेमबाजीचे गुरू : लहुजी वस्ताद साळवे

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय छात्रसेनेतील आमच्या विद्यार्थ्यांच्या नेमबाजीच्या सरावासाठी निशाणे तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही भाषा व इतिहास शिकविणारे शिक्षक; बंदुकीशी आमचा संबंध काय तो ग्रंथांतला. तथापि काम अंगावर घेतल्यावर ते नीट पार पाडणे प्राप्त होते. वह्यांचे गठ्ठे ज्या खोक्यांतून येतात ती खोकी कापून मुलांनी पुठ्ठे काढले, घरून कणकेची खळ करून आणली, पांढरा कागद त्यावर डकविला आणि दोऱ्याच्या एका टोकास पेन्सिल बांधून एकात एक अशी वर्तुळे आखली. दोन दिवसांत वर्गाच्या भिंतीशी निशाणांची रांग उभी राहिली.

तोच एक विद्यार्थी लोहाराच्या दुकानातून पोलादी पत्र्याची एक तबकडी घेऊन आला. त्याचे म्हणणे असे की, पुठ्ठ्यास गोळी लागली की नाही हे पाहण्यासाठी दर वेळी पंचवीस यार्ड चालत जावे लागते; पोलादावर गोळी बसताच खणकन आवाज होईल आणि नेमबाजास जागच्या जागी उत्तर मिळेल. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. म्हणून छात्रसेनेच्या शिक्षकांस विचारून आम्ही या गोष्टीचा थोडा अभ्यास केला, आणि जे कळले ते प्रथम सांगून मग मूळ विषयाकडे वळतो.

पोलादी निशाण उत्तर त्वरित देते हे खरे. परंतु ते फारच थोडे सांगते. गोळी लागली किंवा न लागली, एवढेच त्यास ठाऊक. शिवाय पोलादावर आपटलेल्या शिशाच्या गोळीचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते मोठ्या वेगाने पत्र्याच्या पृष्ठभागालगत चहूकडे उडतात. पत्रा कठीण, जाड व गुळगुळीत असेल, साखळीने असा टांगलेला असेल की त्याचा दर्शनी भाग किंचित जमिनीकडे झुकेल, आणि नेमबाज योग्य अंतरावर डोळ्यांस व कानांस संरक्षण घेऊन उभा असेल, तरच ते तुकडे खाली मातीत जातात. मऊ लोखंडाच्या पत्र्यास पोचे आणि खळगे पडतात, आणि अशा खळग्यात शिरलेली गोळी उलटून मारणाऱ्याकडेच येऊ शकते. आमच्या विद्यार्थ्याने आणलेला पत्रा नेमका याच जातीचा होता. तो आम्ही परत पाठविला.

पुठ्ठ्याचे निशाण मुके आहे, पण ते सर्व काही लिहून ठेवते. पाच गोळ्यांची पाच छिद्रे एकमेकांजवळ पडली, परंतु मध्यापासून दूर पडली, तर समजावे की हात स्थिर आहे, फक्त बंदुकीवरील माशी किंवा नजर सुधारली पाहिजे. छिद्रे सर्वत्र विखुरली, तर एखादे अगदी मध्यावर बसले तरी त्यात अभिमान धरण्यासारखे काही नाही. तो योगायोग होय. म्हणून जाणते शिक्षक मध्यवेधाची वाट न पाहता आधी छिद्रांचा पुंजका पाहतात. हात आधी स्थिर व्हावा, मग नेम योग्य ठिकाणी न्यावा, हा या विद्येचा क्रम आहे.

हा क्रम समजून घेत असता आम्हांस एका थोर पुरुषाचे स्मरण झाले. आमचे घर कोकणी बोलणारे. लहानपणी आमच्या कानांवर दर्यावर्द्यांच्या कथा पडल्या, परंतु पुण्याच्या या वस्तादांचे नाव आम्ही महाविद्यालयात गेल्यावरच ऐकले. ते नाव म्हणजे लहुजी राघोजी साळवे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी वस्त्यांतून त्यांची जयंती साजरी होताना आम्ही पाहतो. परंतु मिरवणुकीत चालणाऱ्या पुष्कळ मुलांस त्यांचे चरित्र ठाऊक नसते. ते थोडक्यात येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी झाला असे मानले जाते. घराणे मातंग समाजातील, ज्यास त्या काळी मांग म्हणत. शिवकालापासून गडकोटांच्या राखणदारीशी या घराण्याचा संबंध होता आणि पराक्रमाबद्दल त्यांस राऊत हा किताब मिळाला होता, अशी परंपरा आहे. समाजाने ज्यांस गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्याच खांद्यावर गडाच्या संरक्षणाचा भार असे, ही आपल्या इतिहासातील एक विसंगती होय. संकटाच्या रात्री ज्याचा आधार वाटे, दिवस उजाडताच त्याची सावलीही नकोशी होई.

पिता राघोजी हे शस्त्रविद्येत निपुण होते आणि लहुजींचे पहिले गुरू तेच. दांडपट्टा, तलवार, भाला, घोडदौड आणि बंदूक ही सर्व विद्या मुलाने वडिलांच्या हाताखाली संपादन केली. त्या काळची बंदूक आजच्यासारखी सुलभ नव्हती. नळीत आधी दारू ओतावी, मग शिशाची गोळी सोडावी, गजाने ती ठासून बसवावी, कानाशी थोडी दारू ठेवावी आणि मग तोडा किंवा चकमक यांनी बार काढावा, असा तो खटाटोप असे. बार निघताच धुराचा लोट डोळ्यांपुढे येई आणि दुसरा बार भरून होईपर्यंत बराच अवकाश जाई. अशा शस्त्राने नेम साधावयाचा तर श्वास, हात व मन ही तिन्ही ताब्यात असावी लागत. एक बार वाया गेला की दुसऱ्याची संधी मिळेलच, अशी शाश्वती रणांगणात नसे.

१८१७ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले. ५ नोव्हेंबर रोजी खडकीच्या माळावर दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. राघोजी व लहुजी हे पितापुत्र पेशव्यांच्या बाजूने या संग्रामात उतरले, आणि त्या युद्धात राघोजींना वीरमरण आले, असे चरित्रकार सांगतात. त्याच नोव्हेंबर महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढील वर्षी दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्तास गेला. लहुजींचे वय त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. पिता गेला, राज्यही गेले. हातात राहिली ती केवळ शिकलेली विद्या. लहुजींनी आजन्म अविवाहित राहून ती विद्या स्वदेशाच्या कारणी लावण्याचा निश्चय केला.

१८२२ च्या सुमारास त्यांनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम सुरू केली. आज ती पेठ महात्मा फुले पेठ या नावाने ओळखली जाते. तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. तांबड्या मातीच्या हौद्यात जोर, बैठका व कुस्ती, मल्लखांब, मुद्गल, आणि त्याखेरीज दांडपट्टा, तलवार व बंदुकीचे निशाण मारणे, असा तेथील अभ्यासक्रम होता. याच तालमीमुळे लोक त्यांस वस्ताद म्हणू लागले.

या तालमीचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी तिच्या आधीचा काळ ठाऊक असला पाहिजे. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत पुण्यातील तालमींपुढून एखादा मांग किंवा महार नुसता चालत गेला, तरी त्याचे मस्तक उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडूप्रमाणे खेळ केला जाई, असे पुढे एका विद्यार्थिनीने लिहून ठेवले आहे. ती विद्यार्थिनी कोण, हे आम्ही लवकरच सांगू. ज्या नगरात ज्या जातीच्या माणसास तालमीच्या दारापुढून जाण्याची चोरी होती, त्याच नगरात त्याच जातीच्या माणसाने स्वतःची तालीम उघडली, आणि तिच्या दाराशी सर्व जातींचे तरुण शिष्य म्हणून येऊन उभे राहिले. त्यांत पुढे ब्राह्मणही होते. लहुजींनी त्या जुन्या अपमानाचे उट्टे काढावयाचे मनात आणले असते तर ते येणाऱ्यास परत पाठवू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. शिकावयास आलेल्यास शिकवावयाचे, एवढेच त्यांनी जाणले.

येथे निशाणाचा एक गुण आम्हांस सांगावासा वाटतो. शर्यतीत पंच पक्षपात करील, परीक्षेत परीक्षकाचे मन फिरेल; परंतु फळीवर किंवा पुठ्ठ्यावर पडलेले छिद्र कोणाचे कूळ पाहत नाही. ज्याचा हात हलला त्याची गोळी हुकली, मग तो कोणाचाही पुत्र असो. लहुजींच्या तालमीत निरनिराळ्या जातींची मुले एकाच रेषेवर उभी राहून एकाच निशाणावर नेम धरीत. समतेचे एवढे स्वच्छ प्रात्यक्षिक त्या काळच्या पुण्यात अन्यत्र क्वचितच मिळाले असते.

या तालमीत १८४७ च्या सुमारास एक वीस वर्षांचा तरुण येऊ लागला. त्याचे घरही गंज पेठेतच होते. तो मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिकला होता आणि परकीयांचे राज्य उलथून पाडावे, असे विचार त्याच्या मनात घोळत होते. त्याचे नाव जोतिराव गोविंदराव फुले. लहुजींकडून दांडपट्टा व गोळीचे निशाण मारण्याची कसरत आपण शिकलो, हे जोतिरावांनी स्वतःच पुढे नमूद करून ठेवले आहे. माळ्याच्या मुलाने मातंग गुरूच्या चरणांशी बसून विद्या घ्यावी आणि ती गोष्ट अभिमानाने जगास सांगावी, यात गुरू व शिष्य या दोघांचेही मोठेपण आहे.

परंतु विद्या शिकता शिकता जोतिरावांचे लक्ष्य पालटले. एका विवाहाच्या मिरवणुकीत जातीवरून झालेला अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. आपल्या लोकांच्या दुःखाचे मूळ अविद्येत आहे, असे त्यांस दिसून आले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत महार, मांग आदी समाजांतील मुलांसाठी शाळा निघाल्या.

शाळा काढणे एक आणि तिच्यात मुले येणे निराळे. पिढ्यानुपिढ्या ज्यांच्या कानांवर अक्षर पडू दिले नव्हते, त्यांस शाळेची भीती वाटे. मुलगा शाळेत गेला तर सवर्णांचा रोष होईल आणि घरची मजुरीही बुडेल, ही चिंता आईबापांस असे. अशा वेळी लहुजी वस्ताद पुढे आले. वस्तीत त्यांच्या शब्दास वजन होते. मातंग वस्तीतील मुले शाळेत आणण्याच्या कामी त्यांनी जोतिरावांस साहाय्य केले, आणि त्यांच्या तालमीतील मल्ल या शाळांच्या पाठीशी उभे असत, असेही सांगतात.

वाचकहो, त्या वेळी लहुजींचे वय साठीच्या घरात आले होते, हे विसरू नका. ज्याने आयुष्याची तीस वर्षे शस्त्रविद्या शिकविली, असा मनुष्य आपल्याच शिष्याने घेतलेले नवे लक्ष्य स्वीकारतो आणि त्यासाठी घरोघर जाऊन मुले मागतो, ही गोष्ट सोपी नाही. आम्ही शिक्षक आहोत. विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर आणि आपले चूक, हे कबूल करताना मन किती आढेवेढे घेते, ते आम्हांस ठाऊक आहे. पुठ्ठ्यावरील पुंजक्याची जी गोष्ट वर सांगितली तिचा अर्थ आम्हांस येथे उमगला. लहुजींचा हात आधीपासूनच स्थिर होता. नेम कोठे धरावयाचा एवढेच ठरावयाचे होते. ते ठरताच त्यांच्या बळाचा प्रत्येक कण त्या ठिकाणी जाऊन बसला.

या प्रयत्नांचे फळ लवकरच दिसले. या शाळांत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या, सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात तो दोन भागांत प्रसिद्ध झाला. तालमीपुढून जाणाऱ्यांच्या मस्तकाचे जे वर्तमान आम्ही वर दिले, ते याच निबंधातील होय. ती लहुजींच्याच घराण्यातील होती असे मानतात. तिने आपल्या लोकांचा छळ सांगितला, ज्या धर्मात आपणांस वाचण्याचाही अधिकार नाही तो धर्म आपला कसा, असा प्रश्न केला, आणि अखेर आपल्या बांधवांस विद्येचे औषध घेण्याची विनंती केली. ज्या अन्यायाचा समाचार कोणत्याही बंदुकीस घेता आला नव्हता, त्याचा वेध एका मुलीच्या लेखणीने घेतला. तो निबंध आज पावणेदोनशे वर्षांच्या घरात आला, तरी वाचणाऱ्याच्या अंतःकरणात थेट जातो.

लहुजींचे दुसरे विख्यात शिष्य म्हणजे वासुदेव बळवंत फडके. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण येथे झाला. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी करीत असता त्यांनी वृद्ध वस्तादांच्या हाताखाली शस्त्रांचा अभ्यास केला. १८७६ साली सुरू झालेल्या भीषण दुष्काळात दख्खनची रयत अन्नान्न करून मरत असलेली पाहून त्यांचे रक्त तापले, आणि १८७९ च्या आरंभी त्यांनी रामोशी व इतर सोबत्यांसह सशस्त्र उठाव केला. पुढे पाठलाग चुकवीत ते निजामाच्या मुलखात शिरले. आपला आदिलाबाद प्रदेश तेव्हा त्याच राज्यात मोडत असे. नवे सैन्य उभारण्याची त्यांची खटपट चालू असतानाच, जुलै १८७९ मध्ये कलादगी प्रांतात, ज्वराने ग्रासलेल्या व थकलेल्या स्थितीत ते पकडले गेले. मेजर डॅनियल यांच्या बरोबरीने निजामाच्या पोलिसांतील अधिकारी अब्दुल हक हेही या पाठलागात होते. फडक्यांस जन्मठेप होऊन एडन येथील तुरुंगात पाठविण्यात आले.

एका गुरूचे हे दोन शिष्य. एकाने लेखणी व पाटी घेतली, दुसऱ्याने तलवार घेतली. दोघांनीही स्वतःचे सुख बाजूस ठेवले. कोणाचे लक्ष्य अधिक योग्य, याविषयी मोठमोठ्या विद्वानांत मतभेद आहेत आणि शाळेच्या वार्षिकात त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. आम्हांस इतकेच दिसते की, वस्तादांनी आपल्या शिष्यांस नेम शिकविला, पण लक्ष्य त्यांच्यावर लादले नाही. ते ज्याचे त्याने विचाराने निवडले. आणि स्वतः वस्तादांच्या उत्तरायुष्यातील जे काम पुढील पिढ्यांत सर्वांत खोल रुजले, ते म्हणजे मुलांस शाळेच्या दारापर्यंत आणून सोडण्याचे.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी पुण्यात लहुजींचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय शहाऐंशी वर्षांचे होते. संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे आणि दूरदूरचे लोक तेथे दर्शनास जातात. पुढे बरोबर दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांच्या शिष्योत्तमाने, वासुदेव बळवंतांनी, एडनच्या कारागृहात प्राण सोडला. गुरुशिष्यांची पुण्यतिथी एकच असावी, हा एक विलक्षण योग होय.

लहुजींच्या काळी नेमबाजी ही युद्धाची विद्या होती. आज ती जगभर क्रीडा म्हणूनही मान पावली आहे. दहा मीटरांवरील हवाई रायफलीच्या स्पर्धेत निशाणाचा मध्यबिंदू अवघा अर्धा मिलिमीटर असतो. त्याच प्रकारात अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंग येथे भारतास ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून दिले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली पन्नास मीटर रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे कांस्यपदक पटकाविले. थोर स्पर्धांत आता छिद्राची जागा यंत्रच मोजते. पुठ्ठ्याऐवजी यंत्र आले, तरी श्वास, हात व मन ताब्यात ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

आता पुन्हा आमच्या पुठ्ठ्यांकडे येतो. सराव छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, मातीचा उंच बांध पाठीशी असलेल्या मैदानावर झाला. अशा देखरेखीवाचून कोणीही बंदुकीस हात लावता कामा नये, हे येथे पुन्हा बजावून सांगतो. सराव संपल्यावर मुलांनी आपापली निशाणे वर्गात आणली. जिचे आईवडील शेतमजूर आहेत अशा एका विद्यार्थिनीच्या पुठ्ठ्यावर पाचही छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती. मात्र ती सर्व मध्याच्या खाली व डावीकडे पडली होती. मध्यावर एकही नाही म्हणून ती खिन्न झाली होती. पोलादी पत्रा आणणारा तो विद्यार्थी शेजारीच होता. त्याने पुठ्ठा हातात घेऊन नीट पाहिला आणि तिचा हात सर्वांत स्थिर आहे, आता केवळ माशी सरकविली पाहिजे, असे त्यानेच तिला समजाविले. खणखणाट करणाऱ्या पत्र्याला ही गोष्ट कधीच सांगता आली नसती.

तो पुठ्ठा आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवला आहे. या वर्षी शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींनी जाण्यापूर्वी तो एकवार पाहावा आणि गंज पेठेतील त्या वस्तादांचे स्मरण करावे. आपला हात अभ्यासाने स्थिर करावा. लक्ष्य स्वतः पारखून निवडावे. आणि उतारवयातही कोणी अधिक योग्य लक्ष्य दाखवून दिले, तर ते शिष्याने दाखविले म्हणून नाकारू नये. आपल्या वस्तीतील एखादे मूल अजून शाळेत आले नसेल, तर त्याच्या घरी जाऊन त्याला हाताशी धरून आणावे. लहुजी वस्तादांची जयंती साजरी करण्याची याहून चांगली रीत आम्हांस तरी ठाऊक नाही.